धसका, गोळ्या आणि व्यायाम: मराठवाड्यातून नेहमी येणारे प्रश्न, बाया-पुरुषांच्या फरकासकट

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणीकडून लोक जे जे विचारतात ते इथं एका जागी टाकलंय. काही प्रश्न लाजत विचारलेले असतात, काही भांडत, पण सगळे कामाचे आहेत. एकच विनंती, हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली बंद पण करू नका.

ताई, टेन्शन तर सगळ्यांनाच असतं, मग हे पीटीएसडी काय वेगळं?

जीवावर बेतलेला प्रसंग लागतो त्याला. अपघात, मारहाण, बलात्कार, पुरात अडकणं, भूकंप, नाहीतर डोळ्यांसमोर कुणाचा तरी भयानक मृत्यू. त्यानंतर तेच तेच डोळ्यांपुढं येतं, स्वप्नात येतं, त्या जागेवरून किंवा त्या विषयावरून माणूस लांब पळतो, मनात "माझ्यामुळंच झालं" असलं काहीतरी घर करतं, आणि अंग कायम सावध राहतं, म्हणजे झोप नाही, भांडं पडलं तरी दचकणं, उगंच चिडणं. चोर कधीचा गेलाय पण राखणीचं कुत्रं रात्रभर भुंकतच राहतं, तसं शरीराचं होतं. हे महिन्याच्या वर टिकलं आणि घर-काम-नाती बिघडायला लागली तर डॉक्टर या धसक्याला पीटीएसडी म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत असा त्रास बहुतेकांना होतो आणि बहुतेकांचा आपोआप कमी होतो, म्हणून लगेच घाबरून जायचं काम नाही.

दुष्काळ, कर्ज, सोयाबीनचा भाव, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा, हे सगळं माणसाला पार मोडून टाकतं, त्यातून डिप्रेशन येऊ शकतं, पण नुसत्या त्याला पीटीएसडी म्हणत नाहीत. पण ज्या घरात शेतकऱ्यानं आत्महत्या केली त्या घरात ज्यानं सगळ्यात आधी पाहिलं, बायको असो की शाळेतून आलेलं लेकरू, त्याला पीटीएसडी होऊ शकतो. मदतीचा चेक, पंचनामा, सातबारा या सगळ्या धावपळीत त्या लेकराला कुणी विचारत नाही की तुला झोप येते का.

आमची आई किल्लारी भागातली आहे. एवढी वर्षं झाली तरी पावसाळी रात्री बाहेर जाऊन बसते. हे अजून तेच असेल का?

असू शकतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते आणि किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरं अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. असा धसका उपचाराशिवाय वर्षानुवर्षं राहू शकतो आणि मध्ये मध्ये वर डोकं काढतो, विशेषतः ती तारीख जवळ आली, गडगडाट झाला किंवा २०२५ च्या सप्टेंबरात झाला तसा पूर पुन्हा गावात शिरला की. वय जास्त झालंय म्हणून उपचाराचा उपयोग नाही असं अजिबात नाही. फक्त म्हाताऱ्या माणसाचं बीपी, शुगर, थायरॉईड आणि विसरभोळेपणा हे आधी तपासून घ्या, कारण रात्री उठून बाहेर जाण्याला ती कारणं पण असतात.

डिप्रेशनच्या गोळ्या धसक्याला कशा काय चालतात?

नाव डिप्रेशनचं पडलंय एवढंच. एसएसआरआय नावाचा गट आहे, तो मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतो आणि चिंता, भीती, ओसीडी (तेच तेच विचार आणि तीच तीच कृती परत परत होण्याचा आजार) या सगळ्यांना वापरतात. अमेरिकेच्या औषध खात्यानं पीटीएसडीसाठी म्हणून मंजुरी दिलेल्या गोळ्या दोनच, सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन. तिसरी व्हेनलाफॅक्सिन, ती वेगळ्या गटातली आहे पण डॉक्टरांसाठीच्या उपचाराच्या गाईडलाईनमध्ये तिचंही नाव असतं.

उपयोग किती होतो ते खरं सांगायचं तर, होतो, पण जादू नाही. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात १८७ जण होते, १२ आठवडे अर्ध्यांना सर्ट्रालिन आणि अर्ध्यांना औषध नसलेली हुबेहूब गोळी दिली. सर्ट्रालिनवाल्यांपैकी ५३ टक्के लोकांना चांगला फरक पडला, दुसऱ्या गटात ३२ टक्के. म्हणजे नुसत्या वेळेनं, विचारपूस झाल्यानं पण बऱ्याच जणांना बरं वाटतं, आणि गोळीमुळं त्यात भर पडते. म्हणून बहुतेक गाईडलाईनमध्ये पहिला नंबर त्या प्रसंगावर नीट पद्धतशीर बोलून करायच्या थेरपीचा असतो, आणि गोळ्या ज्यांना थेरपी मिळत नाही, नको आहे किंवा सोबत डिप्रेशन जास्त आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडं अशी थेरपी देणारा माणूस जिल्ह्याच्या गावी सापडला तर सापडतो, त्यामुळं गोळ्याच पहिल्या होतात, हे काही आदर्श नाही पण सध्या असंच आहे.

किती दिवसांत फरक पडतो? सवय लागते का?

चार ते सहा आठवडे द्या, पूर्ण अंदाज यायला आठ ते बारा. लोक आठव्या दिवशी येतात आणि म्हणतात काहीच होईना, बंद केली. अहो त्या आठ दिवसांत फक्त मळमळच येते! सर्ट्रालिन साधारण २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून ५० वर नेतात आणि गरजेप्रमाणं वाढवत जास्तीत जास्त २०० पर्यंत. बरं वाटायला लागल्यावरही बरेच महिने, बहुतेक वेळा वर्षभर, चालू ठेवायला सांगतात.

दारूसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असं होतं, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला जास्तच. लोक त्याला "सवय लागली" समजतात. हळूहळू कमी करत आणलं की निभावतं.

मेडिकलवाला झोपेची छोटी गोळी देतो, ती घेतली की लगेच शांत वाटतं. मग ही सहा आठवड्यांची भानगड कशाला?

कारण ती क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम असते, आणि पीटीएसडीत ती देऊ नका असं गाईडलाईन स्पष्ट सांगतात. मूळ आजारावर तिचा उपयोग दिसत नाही, सवय लागते, आणि थेरपीतून भीती जिरवायचं जे शिकायचं असतं त्यात अडथळा येतो. वर दारू घेतली तर श्वासावर बेतू शकतं. चिठ्ठीशिवाय ही गोळी विकायलाच बंदी आहे, तरी मिळते हे सगळ्यांना माहितीय. वर्षानुवर्षं घेत असाल तर मात्र एका दिवसात सोडू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरकडून कमी करत आणा.

साईड इफेक्ट सांगा ना, लपवू नका.

सुरुवातीला मळमळ, पोट ढिलं, डोकं दुखणं, झोप कमी नाहीतर जास्त, घाम. आठ-पंधरा दिवसांत बरंच ओसरतं. संबंधाची इच्छा कमी होणं, वेळ लागणं, हे बाया-पुरुष दोघांनाही होतं आणि कुणीच सांगत नाही, गुपचूप गोळी सोडून देतात. सांगा डॉक्टरला, डोस किंवा औषध बदलता येतं. पंचवीसच्या आतल्या पोरापोरींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, घरच्यांनी लक्ष ठेवायचं. म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागला तर लगेच दाखवा. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या आपल्याकडं सर्रास खातात, त्या एसएसआरआयसोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून कोणती कोणती गोळी चालू आहे ते सगळं दाखवा, पाकीट घेऊनच जा.

व्हॉट्सॲपवर आलंय की व्यायाम हा गोळीइतकाच चालतो, मग गोळी सोडू का?

ते फिरतंय त्याच्या मागं बहुतेक अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९९ चा अभ्यास आहे. पन्नाशीच्या पुढचे १५६ लोक, कुणाला व्यायाम, कुणाला सर्ट्रालिन, कुणाला दोन्ही, आणि १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले. अभ्यास खरा आहे. पण तो डिप्रेशनचा आहे! पीटीएसडीचा नाही. ते वाक्य फॉरवर्ड होता होता गळून पडतं.

पीटीएसडीत व्यायामाचे अभ्यास छोटे छोटे आहेत, पण दिशा चांगली आहे. सिडनीत २०१५ साली हॉस्पिटलात भरती असलेल्या ८१ रुग्णांवर एक झाला. नेहमीचा उपचार सगळ्यांनाच, आणि अर्ध्यांना वरून १२ आठवडे, आठवड्यात तीनदा अर्धा तास ताकदीचा व्यायाम आणि सोबत चालणं. त्यांचा त्रास दुसऱ्यांपेक्षा जास्त कमी झाला, डिप्रेशन आणि झोपही सुधारली. मला जास्त आवडतो तो २०२३ चा ऑस्ट्रेलियातला, १३० लोकांचा. थेरपीचं सेशन झालं की लगेच दहा मिनिटं दम लागेल असा व्यायाम, दुसऱ्या गटाला नुसतं स्ट्रेचिंग. सहा महिन्यांनी बघितलं तर दम लागणाऱ्या व्यायामवाल्यांची तब्येत जास्त चांगली. त्यामागची कल्पना अशी की व्यायामानं मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते नवीन शिकलेलं पक्कं करायला मदत करतं, आणि "आता धोका नाही" हे मेंदूला नव्यानं शिकावंच लागतं.

दोन्ही अभ्यासांत व्यायाम उपचारासोबत होता, उपचाराच्या जागी नाही.

गोळी आणि व्यायाम दोन्ही एकत्र केलं तर डबल फायदा?

पीटीएसडीत या दोघांना समोरासमोर ठेवून केलेलं मोठं काम फार कमी आहे, त्यामुळं डबल-ट्रिपल असलं कुणी सांगत असेल तर तो अंदाज समजा. नुकसान मात्र नाही. उलट गोळ्यांनी कुणाकुणाचं वजन वाढतं, झोप विस्कटते, तिथं चालणं कामी येतं. आणि गोळीनं थोडं बरं वाटलं की मगच काहींना घराबाहेर पाय टाकायची हिंमत होते, हा साधा मुद्दा लोक विसरतात.

मी दिवसभर शेतात राबते, सहा महिने ऊस तोडायला जाते, वरून व्यायाम कशाला करू?

हा प्रश्न बीड-धाराशिवच्या बाया विचारतात आणि बरोबर विचारतात. शहरातलं पुस्तक वाचून "रोज तीस मिनिटं चाला" असं कोयत्यावरच्या बाईला सांगणाऱ्याला मी हात जोडते. अंधारात उठून स्वयंपाक, मग तोडणी, डोक्यावर मोळ्या, गाडी भरणं, लेकरं, पाणी. ती काय बसून असते का.

पण मजुरी आणि व्यायाम अंगाला एकसारखे लागत नाहीत, हे अभ्यासांतही दिसलंय. स्वतःच्या मर्जीनं, मोकळ्या वेळेत केलेल्या हालचालीचा मनावर जो चांगला परिणाम दिसतो तो कामावरच्या कष्टांत दिसत नाही. कारण उघड आहे, कष्टात थांबायची मुभा नसते, विश्रांती नसते, मुकादमाची उचल डोक्यावर असते, आणि कधी कधी ज्याच्यापासून धोका आहे तो माणूस त्याच फडात असतो. अशा बाईला मी आधी झोप आणि विश्रांती मागते, मग दहा मिनिटं हळू श्वास आणि अंग ताणणं, तेही दोघी-तिघींनी मिळून. अंगावर जातंय, कंबर गेलीय, रक्त कमी आहे, तर ते आधी. हिमोग्लोबिन ७ पर्यंत खाली आलेल्या बाईला सूर्यनमस्कार सांगू नये.

मग ज्यांचं बसून काम आहे त्यांनी किती आणि कोणता करायचा?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा सांगते. पीटीएसडीचा वेगळा आकडा कुणी काढलेला नाही. दहा मिनिटांपासून सुरू करा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकायचं, या गोळ्यांनी घामही जास्त येतो, तर पाणी सोबत ठेवायचं. छातीत दुखणं, हार्टचा त्रास असेल तर आधी विचारा.

पळायला लागलो की छाती धडधडते आणि तो अपघात जसाच्या तसा आठवतो. बंद करू?

बंद नका करू, कमी करा. धडधड, दम, घाम हे त्या दिवशीही होतं, म्हणून शरीर दोन्हीची सांगड घालतं. हळू चालण्यापासून सुरू करून थोडी थोडी धडधड वाढवत नेली की मेंदूला कळायला लागतं की छाती धडधडली म्हणजे मरण आलं असं नाही. थेरपिस्ट हेच मुद्दाम करून घेतात. त्रास फारच झाला तर थांबा, पाय जमिनीवर दाबा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्या. ज्या रोडवर अपघात झाला तिथंच पहिल्या दिवशी पळायला जाऊ नका, तो शहाणपणा थेरपिस्टसोबत.

बायांना हे जास्त का होतं? मन कमजोर म्हणून?

नाही. अमेरिकेतल्या १९९५ च्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्या बाया साधारण १० टक्के आणि पुरुष ५ टक्के निघाले, आणि दुपटीचा हा फरक पुढंही बऱ्याच ठिकाणी दिसला. गंमत म्हणजे जीवघेणे प्रसंग पुरुषांवर जास्त आलेले असतात. पण बायांवर लैंगिक अत्याचार जास्त होतात, आणि पीटीएसडी सगळ्यात जास्त त्यातूनच होतो, बाई असो की पुरुष. त्यात ते लहानपणी झालेलं असतं, घरच्याच माणसानं केलेलं असतं, परत परत होतं, आणि वर सांगायची चोरी. शरीराचाही भाग आहे, इस्ट्रोजेन कमी असतं त्या दिवसांत भीती जिरवायचं शिकणं जड जातं असं काही अभ्यासांत दिसलंय. पण सगळं हार्मोनवर ढकलू नका, घरातला मार हार्मोननं होत नाही.

गोळ्या बायांनाच लागू पडतात, पुरुषांना नाही, असं वाचलं. खरंय का?

अर्धं खरं. सर्ट्रालिनच्या सुरुवातीच्या अभ्यासांत तीन चतुर्थांश बाया होत्या. नंतर आकडे वेगळे काढले तर बायांमध्ये स्पष्ट फायदा आणि थोड्याशा पुरुषांमध्ये जवळपास काहीच नाही, हे औषधाच्या अमेरिकन माहितीपत्रकातच लिहिलंय. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर, म्हणजे बहुतेक पुरुषांवर, केलेल्या एका अभ्यासातही सर्ट्रालिन कमी पडलं. पण ते सैनिक लढाईतून आलेले, कित्येक वर्षं आजारी, दारू आणि बाकी गोष्टी सोबत. मग फरक पुरुष असण्याचा, लढाईचा, की जुन्या आजाराचा? वेगळं करता येत नाही. पॅरोक्सेटिनच्या अभ्यासांत तर दोघांनाही फायदा दिसला. म्हणून "तुम्ही पुरुष आहात, उपयोग नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

व्यायामाचं तर अजून अवघड आहे. सिडनीच्या त्या अभ्यासात बहुतेक पुरुष होते आणि त्यांना वजनं दिली. योगाचा नावाजलेला अभ्यास २०१४ चा, ६४ जणी, सगळ्या बाया, दहा आठवडे, त्यात ५२ टक्के बायांचं निदान गेलं आणि नुसती आरोग्याची माहिती दिलेल्या गटात २१ टक्के. आता पुरुषांना वजनं आणि बायांना योग दिल्यावर तुलना कशाची करणार? प्राण्यांवरचे प्रयोग तर वर्षानुवर्षं नर उंदरांवरच. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेनं २०१६ पासून नर-मादी दोन्हींचा विचार करा असा नियम केला तेव्हा कुठं बदलायला लागलं. म्हणून माझं म्हणणं, बाई-पुरुष बघून गोळी किंवा व्यायाम ठरवू नका, त्या माणसाला काय झालंय, काय झेपतंय, घरात काय चालू आहे ते बघून ठरवा.

दिवस गेलेत, गोळी बंद करू?

घाबरून रातोरात बंद करू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरला गाठा. पॅरोक्सेटिन पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो टाळतात कारण बाळाच्या हृदयाचा थोडा धोका सांगितलाय. सर्ट्रालिन गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बऱ्याचदा पसंत करतात, दुधात ते कमी उतरतं.

एकादशी, श्रावण, रोजे असताना गोळी?

बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच असतात. रोज्यात सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते, उपासाला फराळासोबत. फक्त वेळ ठरवून घ्या, मधेच महिनाभर सोडू नका.

नवरा म्हणतो मला काही झालं नाही, रात्री पितो आणि मग झोपतो.

गडी माणसाचा धसका बऱ्याचदा रागातून आणि बाटलीतून बाहेर येतो, रडण्यातून नाही. दारूनं झोप लागते पण पहाटे तुटते आणि स्वप्नं वाढतात. "तुला मानसिक आजार आहे" म्हणून सुरुवात करू नका, झोपेपासून करा, झोपेसाठी डॉक्टरला दाखवू म्हणा. कितीतरी गडी यायचे तेवढ्यावर तयार होतात. तो मारत असेल तर मात्र आधी तुमची आणि लेकरांची सोय, त्याचा उपचार नंतर.

देवऋष्यानं बाधा सांगितली, उतारा केला तर थोडं बरं वाटलं.

देवदर्शनाला, वारीला कुणी अडवत नाही, चार माणसांत राहून बरं वाटतंच. पण मारहाण, धूर, उपाशी ठेवणं, पैसे उकळणं हे चालणार नाही, त्याला २०१३ पासून महाराष्ट्रात कायदा आहे.

जायचं कुठं, खर्च किती?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढा आणि तिकडं विचारा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं, लातूरचं, नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज इथंही ओपीडी आहे. गोळ्या जेनेरिकमध्ये बऱ्याच स्वस्त पडतात. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणं कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. गावात आशाताईला सांगितलं तरी ती रस्ता दाखवते.

जीव नकोसा होतोय, आत्ता काय करू?

१४४१६ लावा, टेलिमानस नावाची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. एकटे राहू नका, घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा, फवारणीचं औषध आणि गोळ्यांची पाकिटं त्यांच्या ताब्यात द्या. प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात जायला घाबरू नका, त्याच २०१७ च्या कायद्यानं असा माणूस तीव्र तणावात होता असं धरलं जातं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची असते. काही पोटात गेलं असेल तर फोन-बिन नंतर, १०८ ला गाडी बोलवा आणि डबा सोबत घेऊन निघा.